दुसरीच्या घरात माझं जातं

ये गं बाई, अशी जवळ सरक. म्हणजे कागद जवळ धर, आणि नेहमीसारख्या वरच्या चार ओळी वाचून बाकीचं उद्यावर टाकू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे. जन्मल्यापासून घाई. पत्रात काय लिहिलंस? पुण्यात अकरा खोल्या बघितल्या, अकराही हातच्या गेल्या, जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात जीव गुदमरतो, आणि रोज नवऱ्याशी भांडण. वर म्हणे, "आजी, माझा धीर संपला." धीर काय डब्यातलं तेल आहे संपायला? आणि त्या गरीब माणसावर कशाला ओरडतेस? त्यानं काय खिशात खोली लपवून ठेवलीय?

रागावले नाही हो. पण तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली. लहानपणी सुट्टीत येऊन ज्या घरात तू धुडगूस घालायचीस, ते मला कसं मिळालं ती. तुझ्या आईलाही मी पुरती सांगितलेली नाही, कारण त्या गोष्टीत माझा शहाणपणा थोडा आणि वेडेपणा फार.

आमचं गाव भाटघरच्या धरणाच्या वरच्या अंगाला, वेळवंडीच्या काठाला. धरण झालं आणि पाणी वर वर सरकत आलं. आधी भाताची खाचरं गेली, मग खळं, मग घरं. सगळी माणसं कौलं उतरवत होती, वासे सोडवत होती. माझ्या सासूबाई मात्र पहार घेऊन घरातलं जातं उकरत बसल्या होत्या.

तुमच्याकडे जातं म्हणजे कोपऱ्यातली शोभा. तेव्हा तसं नव्हतं. खालची तळी, म्हणजे खालचा दगड, जमिनीत रोवायची, भोवती माती चोपून पक्की करायची, म्हणजे दळताना जातं हलत नाही. आणि एकदा रोवलेलं जातं उपटायचं नाही, असा आमच्यात रिवाज. जातं उपटलं की घर उठलं. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चालूच होते. मला म्हणाल्या, "ह्ये घर आपुन न्हाई उठवलं, पान्यानं उठवलं. म्हनून उपाटते. पुन्यांदा जितं रोवशील तितनं हलवू नगंस बाई." त्यानंतर दोन महिन्यांनी त्या गेल्या. जातं आणि ते बोलणं, दोन्ही माझ्याकडं राहिलं.

आम्ही भोरात आलो. तुझ्या आजोबांना हिरड्याच्या वखारीत काम लागलं, पोती भरायची आणि शिवायची. पुढं मला अक्षरं आली ती त्या पोत्यांवरच्या छापावरूनच, पण ते असो. त्यांची मावशी तिथं राहायची. तिच्या घराला पुढं एक पडवी होती, ती तिनं आम्हाला दिली.

मावशी वाईट नव्हती, हे आधी लिहिते, नाहीतर तू तिला शिव्या घालशील. आठवड्याला माझ्या डोक्याला तेल चोळायची. पण पडवी अशी, की छप्पर पुढं उतरत गेलेलं. भिंतीला पाठ लावली तरच मला ताठ उभं राहता येई, दोन पावलं पुढं आले की मान वाकवायची. तुझे आजोबा तर तिथं कधीच उभे राहिले नाहीत, वाकून यायचे आणि वाकून जायचे. पाय ताणले की दाराला लागत. पडवीला फळ्यांचा आडोसा होता, त्याला खालून वीतभर फट. त्या फटीतून मला गल्लीतून जाणाऱ्यांचे पाय दिसत. कोण आलं, कोण गेलं, मी पायांवरून ओळखू लागले होते. चेहरे बऱ्याच जणांचे मला नंतर कळले.

आणि दोन गोष्टींनी मी जेरीला आले. एक म्हणजे चूल. मावशीचं म्हणणं, "एका छपराखाली दोन चुली म्हंजी भावकीत फूट. घर तुमचंच हाय, पर चूल माजी." म्हणजे पीठ आम्ही आणायचं, भाकरी ती थापणार. नवऱ्याला भूक लागली तरी मला दुसरी भाकरी वाढता यायची नाही. मावशीच्या तोंडाकडं बघायचं. दुसरी गोष्ट म्हणजे अडसर. दुपारी जेवण झालं की मावशी पडवीच्या बाहेरच्या दाराला आतून लाकडी अडसर घालायची आणि दारातच पटकूर टाकून झोपायची. तो अडसर जाडजूड, आणि काढताना असा किरकिरायचा, की गल्लीतली कुत्री उठावीत. एकदा घातला की उन्हं कलेपर्यंत मी आत. दाराची कडी असती तर हळूच काढली असती, पण अडसराचं काय करायचं?

जातं अंगणात गोणपाटाखाली पडून होतं. दोन्ही तळ्या एकावर एक ठेवून दळायला बसलं तर खालची तळी सरकत जायची. मी ढकलायचे, ती पुढं पळायची. मावशी हसायची, "तुजं जातं बाजाराला निगालंय गं."

आता खोल्यांचं ऐक. धरणाच्या पाण्यानं उठलेलं आमचं एकच गाव नव्हतं. भोरात जागा मूठभर आणि माणसं पोतंभर. नदीवर धुणं धुताना बायकांत बातमी फुटायची, अमक्याची खोली रिकामी होतेय. बातमी फुटली की बायकांचे हात आपोआप जलद चालायचे. कुणी काही बोलायचं नाही. धुणं अर्धं पिळून, ओलंच खांद्यावर टाकून एकेक जण वाटेला लागायची, जणू काही घरी दूध उतू चाललंय.

पण पक्की बातमी यायची ती दुपारी. सकाळी भाडेकरूचं सामान गाडीत चढायचं, दुपारी खोली मोकळी व्हायची. दुपारी मी अडसराआड. संध्याकाळी तुझे आजोबा वखारीतून येऊन, हातपाय धुऊन बघायला जायचे, तोवर आत दुसऱ्याची चूल पेटलेली. आणि भोरात नियम एकच होता: पेटलेली चूल कुणी विझवत नाही. घरमालक पंचांना भीत नसेल, पण दुसऱ्याची पेटती चूल विझवायला भ्यायचा. ज्याची चूल आधी पेटली त्याची खोली.

दोनदा, तीनदा, चारदा हेच झालं. प्रत्येक वेळी आमच्या आधी तिथं एकच बाई पोचलेली असायची. तिला खोली मिळो न मिळो, ती आधी पोचायचीच. पलीकडच्या वाडीची, आमच्यासारखीच पाण्यानं उठलेली. आवाज घोगरा, कडेवर वर्षाची मुलगी. ती लोकांच्या घरी सारवायला जायची, म्हणून कुठली खोली कधी मोकळी होणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. मी फटीतून तिचे पाय ओळखायचे. शेणानं बोटं हिरवी झालेली, जोडवी वाजत, भराभरा. ते पाय दुपारी गेले की मी समजायचे, आज कुठली तरी खोली गेली. आत बसून गोधडी शिवताना माझ्या हातून नुसत्या दोऱ्याच्या गाठी पडायच्या.

एकदा नदीवर मला म्हणाली, "अगं ए पडवी, कदी भाईर येतीस का न्हाई? का मावशीनं खुट्ट्याला बांदलीया?"

सगळ्या हसल्या. खोटं काही नव्हतं.

त्यात मला दिवस गेले. तू म्हणशील, गोड बातमी. हो गं, गोडच. पण त्यात एक घोर होता. पहिलं बाळंतपण माहेरी, पासलीला, वेल्ह्याच्या डोंगरात. सातव्यात न्यायचं. माझी थोरली बहीण अशीच सातव्यात माहेरी आली होती. तिचं सासर आमच्याच अंगाला, तेही पाण्यात गेलेलं. नवरा घर शोधतोय, मिळालं की न्यायला येतो, असा निरोप. बाळंतीण झाली, मुलगी रांगायला लागली, चालायला लागली, निरोप तोच. बाळंतिणीला न्यायला यायचं तर न्यायचं कुठं, हे लागतं ना? पडवीत बाळंतीण घेणार नाही, हे मावशीनं सांगूनच टाकलं होतं, तेही मायेनंच: "हितं वारा लागतो पोरी, लेकराला बादंल." म्हणजे सातव्याच्या आत घर मिळालं नाही, तर मी पासलीला बहिणीच्या शेजारी दुसरी. नवऱ्याचा निरोप ऐकत बसणारी. मी रोज बोटांवर महिने मोजायचे.

भाद्रपदात नशीब उघडलं. नदीकडच्या गल्लीत एक म्हातारी राहायची. एकटी, एक म्हैस बाळगून. तिच्या घराला दोन खणांची एक खोली होती आणि पाठीमागं गोठा. खोलीची जमीन पार उखडलेली होती, म्हणून कुणी घेत नव्हतं. सकाळी दूध आणायला गेले तेव्हा मीच विचारलं. म्हातारी म्हणाली, "जिमीन तुमी करून घ्या, खोली तुमाला. शबूद दिला." आणि माझ्या हातावर सुपारी ठेवली.

तुझ्या आजोबांनी आणि मी चार दिवस ती जमीन केली. ते पहाटे वखारीत जायच्या आधी मुरूम टाकून जायचे, मी सकाळभर पाणी मारून चोपण्यानं चोपायचे. मावशीला सांगायचे, दुधाला जाते. हातांना फोड आले. पण काय सांगू तुला, त्या खोलीत मी ताठ उभी राहात होते! छप्पर उंच. मी उगीचच हात वर करून बघायचे.

जमीन ओली असतानाच जातं रोवावं, म्हणजे मातीत घट्ट बसतं. आम्ही अंगणातलं जातं आणलं आणि खिडकीखाली रोवलं. मी हळदकुंकू वाहिलं. म्हातारीनं हात लावून बघितलं. "न्हाई हालत गं," म्हणाली.

आणि इथं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. दुसऱ्या दिवशी पितृपंधरवडा लागत होता. पितरांच्या दिवसांत नव्या घरात चूल पेटवायची नाही, हे लहान पोरालाही माहीत. तुझे आजोबा म्हणाले, "आजच पेटवून टाकू." मी म्हटलं, "आज जिमीन वली हाय, धूर धरंल. पंधरा दिवस ते काय! घटाला येऊ, चांगल्या पायानं येऊ." सहा महिने थांबलेली मी, मला वाटलं, हाच धीर. जातं रोवलंय, सुपारी पदरात आहे, आता कोण काय करतंय? मी पडवीत बसून पंधरा दिवस मोजत राहिले, पण मजेत. पहिल्यांदाच त्या फटीकडं पाठ करून बसले होते.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी दुधाला गेले, तर माझ्या खोलीच्या कौलातून धूर.

आत ती घोगरी बाई चुलीपुढं बसलेली, मांडीवर मुलगी. आणि म्हातारी बाजूला पाटावर, ताटात गरम भाकरी. माझ्याकडं बघितलं आणि तिचा घास तोंडातच राहिला.

"आजी, ह्ये काय?" मी म्हटलं.

म्हातारी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आगं, काल रातीला पाऊस कसा कोसळत हुता! हिला नातलगानं भाईर काडली. लेकराच्या अंगात ताप. म्हनलं, दोन राती पड हितं. आन् हिनं चूल पेटवली."

"पंदरवड्यात?"

घोगरी माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तू पंदरवडा पाळलास बाई. माज्या लेकराच्या तापाला पंदरवडा म्हाईत न्हवता."

मी म्हातारीकडं बघितलं. ती ताटाकडं बघत होती. "पेटलेली चूल मी कशी इजवू पोरी? तू जातं घिऊन जा. मी काय न्हाई म्हनत न्हाई."

मी चोपलेली जमीन, माझ्या हातचे फोड त्या जमिनीत, आणि त्यावर तिची चूल. मी दूध न घेताच परत आले. पडवीत येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पुढं जायला जागाच नव्हती.

संध्याकाळी तुझे आजोबा पहार घेऊन निघाले. मी दार अडवलं. "उपटायचं न्हाई."

"अगं, मग तिला काय आंदन द्यायचं?"

"सासूबाईंनी सांगितलंय. तितनं हलवायचं न्हाई. माज्या पोटात लेकरू हाय, मी न्हाई उपटू द्यायची."

ते पहार टाकून मटकन बसले. म्हणाले, "पडवीत आपुन, जातं तिच्याकडं. ह्याला म्हंत्यात संसार!" मला रडू यायच्या ऐवजी हसूच आलं. ते मात्र हसले नाहीत.

मग दळायचं कुठं? दुसऱ्या सकाळी मी सुपात नाचणी घेतली आणि सरळ त्या खोलीवर गेले. माझं जातं आहे, मी दळणार. तिनं दारातून बाजूला सरून वाट दिली. मी दळलं, पीठ भरलं, आले. रोज पहाटे मी जायचे. जात्यावर बसलं की ओवी आपोआप सुचते म्हणतात. आम्ही दोघी नुसते ओठ चावायचो. माझं झालं की ती तिचं दळण घेऊन बसायची. तिचं जातं पाण्यातच राहिलं होतं, काढायला माणूस नव्हता. नवरा रस्त्याची खडी फोडायला लांब, पंधरवड्यानं यायचा. हे मला तिनं नाही सांगितलं. तिच्या घरात रोज बसल्यावर दिसतंच ना.

खोटं कशाला सांगू, मी तिथं जायचे त्यात थोडा दुष्टपणाही होता. मला वाटायचं, रोज माझं तोंड बघून हिला लाज वाटेल, आणि ही निघून जाईल. ती कसली जाते! एक दिवस माझ्याकडं बघत म्हणाली, "रोज येतीस, बरं हाय. मला वाटलं, मला शाप देत पडवीतच पडशील."

"शाप हितं येऊनच देते," मी म्हटलं.

"दे की. पर जात्यात घास जरा कमी घाल, पीठ जाडं पडतंय."

दिवाळी गेली. खोल्यांच्या बातम्या यायच्या, ती आता घर शोधत नसल्यानं तिचे पाय फटीसमोरून जात नव्हते. पण दुसरे पाय जायचेच. माझा अडसर तसाच. पोट पुढं आलं. जात्याला वाकताना धाप लागायची. मार्गशीर्षात एका पहाटे मी मध्येच थांबले, तर ती समोर येऊन बसली, खुंट्याला पलीकडून हात घातला आणि फिरवायला लागली. विचारलंसुद्धा नाही. दोघींचा हात लागला की जातं कसं हलकं होतं, तुला सांगून कळायचं नाही. आम्ही त्या दिवशी तिचंही दळण तसंच काढलं.

दळता दळता तिनं विचारलं, "कितवा?"

"सातवा लागंल पुसात."

"मग पासलीला?"

मी मान हलवली. बहिणीचं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं, तुझ्या आजोबांनाही भीती बोलून दाखवली नव्हती. त्यांना वाटलं असतं, माझा त्यांच्यावर भरवसा नाही. आणि सांगितलं कुणाला, तर हिला! ती पीठ गोळा करताना एवढंच म्हणाली, "तू पन लई थांबनारी हाईस बाई. थांबायचं असतं, पर बसून न्हाई थांबायचं."

पौष लागला. पौषात कुणी घर बदलत नाही, नवं काही करत नाही. भाकड महिना. भाऊ न्यायला येणार असा पासलीहून निरोप आला, आठ दिवसांवर. मी कपड्यांचं गाठोडं बांधायला काढलं होतं.

दुपार होती. मावशी अडसर घालून घोरत होती. फटीतून मला ते पाय दिसले. शेणाची हिरवी बोटं, जोडवी. पण पाय पुढं गेले नाहीत. फटीसमोर थांबले. मग वाकून तिचं तोंडच फटीला आलं.

"ए पडवी. म्हातारीची म्हस आत्ता गेली, कामथडीच्या गिऱ्हाइकानं नेली. गोठा मोकळा हाय. मी झाडून आलेय. सांजपातूर गावात बोभाटा हुईल. निग."

"आत्ता? पुसात?"

"पंदरवडा पाळलास, आता पूस पन पाळ. आन् मग भैनीशेजारी जाऊन बस."

आणि ते पाय निघून गेले.

मी उठले. मावशी दारात आडवी. तिला ओलांडायचं नाही, म्हणून मी कडेनं पाय टाकत गेले आणि दोन्ही हातांनी अडसर धरला. तो किरकिरला. अख्ख्या दहा महिन्यांत पहिल्यांदा मी तो काढत होते. मावशी ताडकन उठून बसली.

"कुठं निगालीस?"

"घर बगायला."

"आन् ह्ये काय हाय?"

"ह्ये तुमचं हाय मावशी," मी म्हटलं. तोंडातून गेलं खरं.

तिनं माझ्याकडं बघितलं, पोटाकडं बघितलं. मग पटकूर उचलून बाजूला झाली. म्हणाली, "पूस हाय गं, पोरी." आणि मी उंबऱ्याबाहेर पडल्यावर मागून, "डोक्यावर पदर घे, ऊन हाय."

घोगरी माझी वाट बघत दारात उभी होती. एका खापरात तिनं आपल्या चुलीतला विस्तव काढून ठेवला होता, वर राख घातलेली. दुसऱ्या हातात परातीत पीठ आणि काखेत तवा. आम्ही गोठ्यात शिरलो. म्हशीचा वास नुसता अंगावर आला. दावणीपाशी तीन दगड मांडले, मी विस्तव ठेवला, फुंकलं. धूर डोळ्यांत गेला. तिनं आणलेला तवा ठेवला.

धूर बघून म्हातारी काठी टेकत आली. "आगं आगं, कोन हाय? परवापासनं चौघंजन इच्यारून गेली मला गोठ्याचं! आन् पुसात कुनी घर भरतंय व्हय?"

मी भाकरी उलथली आणि मागं न बघताच विचारलं, "आजी, गरम भाकरी खानार का?"

म्हातारीनं काठी भिंतीला टेकवली. मग त्या घोगरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि जी हसायला लागली ती तिला ठसकाच लागला. "येकीनं येकीला शिकवलं! दोगी मेल्या मलाच भाकऱ्या चारून घर घेत्यात." आणि म्हशीच्या जागेवर बसून तिनं भाकरी खाल्ली. शेवटचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "पेटलेली चूल. मी काय करू?"

संध्याकाळी तुझे आजोबा सवयीनं मावशीकडं गेले, वाकून पडवीत शिरले, तर कुणी नाही. मावशीनं सांगितलं. ते आले. गोठ्याच्या दारातही वाकूनच आले, आणि आत आल्यावर तसेच वाकलेले उभे. मी म्हटलं, "अवं, हितं सरळ उभं ऱ्हाता येतंय." त्यांनी हळूहळू मान वर केली. छपराकडं बघत कितीतरी वेळ उभे राहिले. मग मी त्यांना दुसरी भाकरी वाढली. कुणाच्या तोंडाकडं न बघता.

आठ दिवसांनी मी पासलीला गेले. फाल्गुनाच्या अखेरीला तुझी आई झाली. चौथा महिना लागायच्या आत तुझे आजोबा न्यायला आले. मी निघाले तेव्हा बहीण दारात उभी होती. तिला न्यायला पुढच्या वर्षी आले. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. ते मला अजून टोचतं. मी सुटले, ती मागं राहिली.

त्या गोठ्याचंच हे घर. पुढं आम्ही भिंती घातल्या, दावण काढली. पाऊस लागला की कोपऱ्यात अजून म्हशीचा वास येतो, तू लहानपणी नाक धरायचीस ना, तोच. जातं मात्र तिच्याच खोलीत राहिलं. दोन्ही घरांमध्ये भिंत एक, म्हणून मी सासूबाईंना मनातल्या मनात सांगितलं, फार लांब नाही रोवलं. गिरणी आली तरी आम्ही दोघी सणावारी त्यावर डाळ काढायचो. घास जास्त झाला की ती अजून खेकसायची. गेल्या साली ती गेली. खोली तिच्या मुलीकडं आहे. तीच ती, तापानं फणफणलेली. आता ती आजी झाली, आणि तिचाही आवाज घोगरा.

तुझी खोली कशी शोधायची ते मला काय कळतं? पुण्यात चुली नाहीत आणि भाकरी खाऊन घर देणारी म्हातारीही नसेल. पण तू लिहिलंस की प्रत्येक खोलीवर तुमच्या आधी एक जोडपं पोचलेलं असतं, तेच ते, चष्मेवाली मुलगी आणि तिचा नवरा. तिच्याशी बोलून बघितलंस का कधी? नाही ना? मला वाटलंच.

या शनिवारी दुपारची एसटी धर. नातजावयालाही आण, त्याच्यावर ओरडून झालं असेल तर. हरभऱ्याची डाळ काढायची आहे आणि खुंट्याला पलीकडून हात घालायला आता कुणी उरलं नाही. मी घोगरीच्या मुलीला सांगून ठेवलंय, जातं झाडून ठेव, नात येणार आहे. मला खोटं पाडू नकोस. लवकर ये.